खुशबू चपलांवर काहून बसते

१२ जानेवारी, सोमवार

भंडाऱ्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण संपवून आत्ता घरी टेकले. पाय दुखतात, डोकं त्याहून जास्त. विषय होता लहान मुलांना खंबीर कसं करायचं. शिकवायला पुण्याहून एक पोरगा आला होता, कोरलेली दाढी, पांढरे बूट. त्याने पिशवीतून रबरी चेंडू काढला, फरशीवर आपटला, उसळून हातात आल्यावर म्हणाला, "मुलं अशी घडवायची. पडली की उसळली पाहिजेत." साठ-सत्तर सेविकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि त्याचाच जास्त राग येतोय. अरे बाबा, बावीस वर्षं अंगणवाडी चालवते मी. चेंडू उसळतो कारण आधी त्याला कोणीतरी आपटतं. कोण आपटतं, यावर तीन दिवसांत एक शब्द नाही.

निघताना प्रत्येकीच्या हातात एक वही दिली. एक मूल निवडायचं आणि तीन महिने त्याच्या नोंदी ठेवायच्या, त्याही 'सकारात्मक भाषेत'. ती वही मॅडमसाठी, म्हणजे आमच्या सुपरवायझरसाठी. ही वही माझी, किराणा दुकानातली. हिच्यात खरं लिहीन. नाहीतर सगळा राग निर्मलाबाईवर निघेल. ती आमची मदतनीस, खिचडी ढवळता ढवळता बिचारी निमूट ऐकून घेते.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत झाली की आसगावकडच्या आमच्या गावांतून मिरची तोडायला तेलंगणात गाड्या निघतात. धान घरात आलं, हाताला काम नाही, मग तीन महिने तिकडेच. आज सरिता आणि तिचा नवरा अंकुश गेले. त्यांची खुशबू चार वर्षांची, ती आजीजवळ राहणार.

लेकराला सांगून इथे कोणी जात नाही. सांगितलं की ते गाव गोळा करतं. त्याला नजरेआड करायचं आणि निघायचं, हीच रीत. सरिता कालच सांगून गेली होती, "बाई, उद्या अकराले गाडी येते. तिले तेवढी गुंतवून ठेवजा." मी म्हटलं, तू बिनघोर जा.

अकराला हॉर्न वाजला तसं मी सगळ्या पोरांना गोल उभं केलं आणि हत्तीचं गाणं घेतलं. मोठ्याने. निर्मलाबाईला थाळी वाजवायला लावली. गाडी वळून निघूनही गेली, खुशबूला पत्ता नाही. हाताची सोंड करून नाचत होती. घरी आई दिसली नाही की दोन-चार तास रडेल आणि विसरेल. लेकराचं मन म्हणजे पाटीवरची अक्षरं.

माझा अश्वजित एवढाच होता, मी नोकरीच्या प्रशिक्षणासाठी महिनाभर भंडाऱ्याला राहिले तेव्हा. त्याला पतंग घेऊन दिला, तो उडवायला पळाला, मी बस धरली. परत आले तर ना रडणं, ना हट्ट. तेव्हापासूनच समजदार.

१९ जानेवारी, सोमवार

आज दुपारी सुट्टी झाली आणि माझ्या चपला गायब. दारात शोधल्या, मागे मोरीत शोधल्या. कुत्र्याला शिव्या देऊन झाल्या. खुशबू कोपऱ्यात तांदळाच्या रिकाम्या पोत्यावर बसली होती. उठ म्हटलं तर उठेना. हाताला धरून ओढली, तर पोत्याखाली माझ्या चपला, तिच्या अंगाने गरम झालेल्या.

राग डोक्यात गेला. जरा जोरातच ओढलं मी तिला. कोपराजवळ माझी बोटं उमटली. आता भोकाड पसरते, असं वाटलं. नाही रडली. नुसती बघत राहिली. आजी सांगते, गुरुवारपासून डोळ्यातून पाण्याचा थेंब नाही.

खोड्या असतात एकेकाच्या. अश्वजितलाही एकदा ही चपला लपवायची खोड लागली होती. दोन फटके दिले, सुटली.

मॅडमच्या वहीसाठी खुशबूलाच निवडलं. पहिली नोंद केली: 'बालक परिस्थितीशी जुळवून घेत आहे. रडत नाही. खंबीर आहे.'

२७ जानेवारी, मंगळवार

अश्वजित रविवारी आला होता. सव्वीस जानेवारीची सुट्टी धरून दोन दिवस मिळाले. नागपूरला कंपनीत आहे, पण त्याचे बाबा गेल्यापासून सणावाराला तरी येतो. त्याच्यासाठी चकल्या केल्या, डबा भरून ओट्यावर ठेवला. आज मी अंगणवाडीतून आले तर घराला कुलूप, किल्ली शेजारी. मोबाईलवर निरोप: 'निघालो. पोचलो की फोन करतो.'

असंच करतो तो, कधीच समोरून निघत नाही. मी रडते, मला त्रास नको म्हणून. असा समजदार मुलगा सगळ्यांना मिळत नाही.

डबा मात्र ओट्यावरच राहिला. तेवढ्याचा राग आला. चकल्या पोरांना वाटून टाकल्या. खुशबूने घेतली आणि हातातच धरून बसली. सुट्टी होईपर्यंत तिचा भुगा झाला होता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज वजनं केली. खुशबू गेल्या महिन्यात तेरा किलो चारशे होती, आज बारा सातशे. चार वर्षांच्या लेकराचं वजन वाढायचं असतं, उतरायचं नसतं. मी काटा दोनदा तपासला. काट्याचा काही दोष नव्हता.

त्यातच मॅडम आल्या. वहीतली नोंद वाचून म्हणाल्या, "छान लिहिलंय हो. आता हसरा चेहरा असलेलं कार्ड तिच्या हातात द्या, एक फोटो पाठवायचाय." मी वजनाचं सांगितलं. म्हणाल्या, ते पोषणाच्या बैठकीत मांडा, हा कार्यक्रम वेगळा आहे. पोटाचा कार्यक्रम वेगळा आणि मनाचा वेगळा! पोरगी एकच आहे म्हटलं, तर ऐकूच आलं नाही.

निघायला उठल्या तर सँडल नाहीत. मला न बघताच कळलं. खुशबू मॅडमच्या सँडलवर मांडी घालून बसली होती, दोन्ही हातांनी पट्टे धरून. मॅडम म्हणाल्या, "हिला शिस्त लावा आधी." सँडल काढून घेताना एक पट्टा तुटला. मॅडम पाय ओढत स्कूटीपर्यंत गेल्या. एरवी मी हसले असते.

मी खुशबूवर ओरडणार, तेवढ्यात निर्मलाबाई मध्ये आली. ही बाई वर्षात सहा वाक्यं बोलते, त्यातली पाच आज बोलली.

"बाई, पोट्टी चोर नोहे. पोरायच्या चपला तिथंच पडून राहते, त्याले हात नाही लावत. मी अनवाणी येतो, माह्या मागं लागत नाही. जे मोठे मानसं पायात घालून बाहेर जाते ना, त्याच्याच घेऊन बसते. चप्पलच नसन त मानूस जाईन कसा, असं वाटत असन तिले."

तीन आठवडे झाले, हत्तीचं गाणं घेतलं की ही पोर कान झाकते. मी समजत होते थंडी वाजते. आधी तेलंगणातल्या मिरचीचा राग आला, मग सरिताचा, मग त्या चेंडूवाल्याचा. घरी आल्यावर कळलं की थाळी मीच वाजवायला लावली होती. हॉर्नचा आवाज मीच दाबून टाकला. त्या पोराने नुसता रबरी चेंडू आपटला होता.

८ फेब्रुवारी, रविवार

खुशबूच्या आजीकडे, सीताबाईकडे गेले. अंगणात लाखोरीची डाळ वाळत घालत होती. विचारलं, "पोरीने आई कुठे गेली विचारलं, तर काय सांगता?"

"का सांगू? बाजारात गेली सांगतो. आत्ता येते म्हनतो."

"रोज?"

"रोज विचारते त रोज सांगतो. आता नाही विचारत."

"आणि सरिताचा फोन येतो तेव्हा?"

"फोन नाही देत मी तिच्या हातात. आवाज आयकला का जीव खाईन माहा."

माझा तोल गेला. लेकराशी खोटं बोलता, फोन लपवता, पोर वाळून चालली तरी कळत नाही, असं बरंच बोलले. सीताबाईने लाखोरीचं सूप खाली ठेवलं. "वच्छलाबाई, मी अडानी आहो. तुमी त शिकलेल्या ना? गाडी आली तवा नाचवत कोन होतं तिले? साऱ्या गावानं आयकलं तुमचं गानं."

खुशबू दाराच्या फटीतून बघत होती. बाहेर पडले तर माझी एक चप्पल गायब. मी मागितली नाही. एका चपलेने घरी आले, लोक हसले तर हसले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पोरं गेल्यावर खुशबूला समोर बसवलं. खिचडीला आणलेली एक सुकी लाल मिरची तिच्या हातात दिली. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं, ऐन वेळी सगळं विसरले.

म्हटलं, "तुझी आई बाजारात नाही गेली. ती मिरची तोडायला गेली, बाबाही गेले. खूप लांब गेले. आज येणार नाहीत, उद्याही नाही. तू नाचत होतीस ना, तेव्हा त्यांची गाडी गेली. बाईला माहीत होतं. बाईने मुद्दाम गाणं म्हटलं. बाई चुकली."

ती उठली आणि माझ्या मनगटाला चावली. अशी चावली की निर्मलाबाईला तिची हनुवटी धरून सोडवावी लागली. मग रडली. सव्वीस दिवसांचं एकदम. माझं नाव घेऊन, आजीचं नाव घेऊन, आईला 'लबाड' म्हणत. मी तिथेच बसून राहिले. गप्प बस म्हणायचं नाही, एवढं एकच मला सुचलं.

मग सरिताला फोन लावला. ती तिकडून "खुशबू, माय, बोल ना वं" करत राहिली. ही फोनकडे पाठ करून बसली, पण लांब गेली नाही.

मनगटावर सहा दात उमटलेत. हळद लावली. बरं झालं चावली. कोणीतरी मला चावायलाच हवं होतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

रोज दुपारी फोन. पहिले आठ दिवस पाठ. नवव्या दिवशी फोनवर विचारलं, "मिरची सरली का?" सरिता म्हणाली, "नाही सरली, बेटा." खुशबू म्हणाली, "मंग तोड ना लवकर!" आणि फोन माझ्या अंगावर फेकला. चांगली रागावली. मला इतका आनंद झाला की निर्मलाबाईने विचारलं, "बरं आहे ना बाई?"

८ मार्च, रविवार

सरिताच्या भावाचं लग्न होतं शहापूरला, त्यासाठी दोघं तीन दिवस आले. उद्या परत जाणार. खुशबू आईच्या पदराचं टोक मुठीत धरून फिरते, संडासाच्या दारातही उभी राहते.

संध्याकाळी सरिता आली. पुन्हा तेच! "बाई, उद्या अकराले जाऊन राहिलो. तेवढी गुंतवून..."

मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "नाही गुंतवणार. सांगून जायचं. तिच्यासमोर चपला घालायच्या आणि तिच्यासमोर गाडीत बसायचं."

"माह्याच्यानं नाही होनार, बाई. तिचं रडनं घेऊन मी तिकडं मिरची कशी तोडू?"

"आणि तुझं पळून जाणं घेऊन ती इकडे कशी जेवेल? सातशे ग्रॅम उतरली, माहीत आहे का?"

"मले का हौस आहे का जायची?" ती ओरडलीच. "तुमचं लेकरू मोठं झालं, नोकरीले लागलं, तुमाले बोलाले का जाते?" डोळे पुसत निघून गेली. तिच्यावर संतापले, आणि तिचं खरं होतं म्हणून जास्तच संतापले. हौसेने कोण जातं? मी तरी हौसेने गेले होते का?

९ मार्च, सोमवार

पावणेअकराला सरिता स्वतः खुशबूला घेऊन अंगणवाडीत आली. चेहरा सुजलेला. मला वाटलं, भांडायला आली. ती दारातच उकिडवी बसली, पोरीचे दोन्ही हात धरले.

"मी मिरची तोडाले जाऊन राहिलो. आज नाही येनार, उद्या नाही येनार. मिरची सरली का येईन. दुपारी फोन करीन. तू रडजो. मीबी रडून राहिलो, पाय."

खुशबूने खाली वाकून आईच्या चपला पकडल्या. दोन्ही. सरिताने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिने एकेक बोट सोडवलं. मग चपला पायात घातल्या आणि गाडीकडे चालत गेली. तीनदा मागे वळली.

खुशबूचा आवाज अजून कानात आहे. मी तिला पोटाशी धरून दारातच उभी राहिले, तोंड गाडीकडे करून. गाडी दिसेनाशी होईपर्यंत आत नेलं नाही. लाथा मारल्या, माझा अंबाडा सोडला, साडीची पिन तुटली. गल्लीतून बाया आल्या. "लेकराच्या जीवावर उठली ही बाई." "सुया टोचल्यावानी रडून राहिली, दगड आहे का हिच्या छातीत?" सीताबाई कपाळ बडवत होती. मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, "रडू द्या तिला! तिची आई गेली, ती रडणार नाही तर कोण रडेल?" कधी नव्हे ते गाव माझ्यावर थुंकायचं बाकी राहिलं.

अडीच तास रडली. मग निर्मलाबाईने काही न बोलता ताटली पुढे ठेवली. खिचडी संपवली, पुन्हा मागितली. माझ्या मांडीवर झोपली, तोंड उघडं टाकून. पाय मुंग्यांनी बधिर झाला तरी मी हलले नाही.

घरी निघाले तर एकच चप्पल गायब होती. एकच.

२५ मार्च, बुधवार

मॅडमनी वही परत पाठवली. 'बालक अडीच तास मोठ्याने रडले. चावले. लाथा मारल्या. प्रगती उत्तम' या ओळीवर लाल गोल केला आहे. म्हणतात, ही नकारात्मक भाषा आहे, वर जाणार नाही, दुसरं लिहा. मी त्याखाली एवढंच लिहिलं: 'वजन तेरा किलो दोनशे.' आणि सही केली. आता तुम्हीच चेंडूसारख्या उसळा म्हणावं.

११ एप्रिल, शनिवार

मिरची सरली. सरिता-अंकुश कायमचे आले, म्हणजे पुढच्या संक्रांतीपर्यंत. खुशबू धावत वगैरे गेली नाही. लांब उभी राहून आईला नखशिखान्त पाहिलं, मग जवळ जाऊन पोटात एक बुक्की मारली आणि तिथेच चिकटली.

आज सुट्टीच्या वेळी माझ्या दोन्ही चपला दारात होत्या. मी उगाचच थोडा वेळ थांबले.

१५ एप्रिल, बुधवार

भीमजयंतीला अश्वजित आला होता. काल मिरवणुकीत पोरांबरोबर निळा झेंडा घेऊन नाचला, घरी आल्यावर दोन ताटं जेवला. आज जाणार हे मला माहीत होतं, त्याने सांगितलं नव्हतं.

सकाळी सहाची बस. पाचलाच त्याची हळूहळू बॅग भरायची चाहूल लागली. तो दाराशी आला तेव्हा मी उंबऱ्यावर बसले होते. त्याचे बूट माझ्या पदराखाली होते.

"आई? झोपली नाही का? माहे बूट कुठं गेले?"

"समोरून का नाही निघत रे तू? एकदा तरी सांगून गेलास का?" मला वाटलं होतं प्रेमाने विचारेन. आवाज चढलाच. "दर वेळी चोरासारखा निघतोस, डबा ओट्यावर पडून राहतो. मी काय परकी आहे?"

तो बॅग खाली न ठेवता म्हणाला, "तू रडशीन म्हनून."

"रडीन! तुझं काय जातं?"

"तूबी त नव्हती सांगून गेली," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, शांतपणे. "पतंग फाटला म्हनून मी घरी आलो त तू नव्हती. आजी म्हने बाजारात गेली. मी रोज बाजाराच्या रस्त्यावर जाऊन बसत होतो. मंग तू आल्यावर तुह्या चपला लपवल्या, त तू मले मारलं."

बाहेर कोणाचा तरी कोंबडा ओरडत होता. मी याच वहीत लिहिलं आहे, माझ्या हाताने: दोन फटके दिले, सुटली खोड. जानेवारीत लिहिलं आणि चकल्यांच्या डब्यावर रागावत बसले. बावीस वर्षं ज्याला समजदार म्हणत आले, तो नुसता घाबरलेला होता. मीच शिकवलं त्याला, असं जायचं असतं म्हणून.

म्हटलं, "चुकली रे तुझी आई." याहून मोठं वाक्य काही आलं नाही. तो बॅग ठेवून माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसला. सव्वीस वर्षांचा माणूस, नाक ओढत होता. सहाची बस आमच्यासमोरून निघून गेली.

आठच्या बसला मी फाट्यापर्यंत गेले. तिथेही दोघं रडलो, पानठेल्यावरचे लोक बघत होते, बघू दे. बस वळेपर्यंत तो खिडकीतून हात हलवत होता.

अंगणवाडीत तासभर उशिरा पोचले. खुशबू दारात उभी होती. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, न सांगता कुठं गेल्ती?" चांगलीच रागावली होती. मी तिला खरं ते सांगितलं.

डबा या वेळी तो घेऊन गेला.